बाळंतिणीच्या खोलीचे पल्ले

कुणाच्याही घरी गेल्यावर आधी माणूस पाहावा आणि मग खिडकी, ही जगाची रीत माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकदाही पाळली नाही. संग्रामपूरला त्यांची कपाशीची चांगली जमीन होती, पण ती पिकवण्याचं काम त्यांनी परमेश्वरावर आणि माझ्या मेव्हणीवर सोपवलं होतं. स्वतःकडे त्यांनी घेतली होती ती पंचक्रोशीतल्या खिडक्यांच्या आतल्या दारांची काळजी. त्या दारांना ते पल्ले म्हणत. वाळवीनं खाल्लेला, फळी फुटलेला, एका बिजागरीवर लोंबणारा पल्ला दिसला की त्यांचा चेहरा इतका उजळे की घरमालकाला आपण काही पुण्य केल्यासारखं वाटे. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले आणि पोटभर पाहुणचार घेऊन परतले. मेव्हणीनं विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाले, "पोरगी चांगलीच असन. पन माजघराच्या खिडकीची खालची बिजागरी पार गेली हाये." मुलगी काळी की गोरी हे घराला हळदीच्या दिवशीच कळलं.

डाक बंगल्यावर डेप्युटी कमिशनरसाहेब मुक्कामाला आले, तेव्हा जमिनीच्या हद्दीचा अर्ज घेऊन साडू गेले होते. साहेब अर्ज वाचत असताना यांची नजर त्यांच्या डोक्यावरून खिडकीवर गेली, आणि साहेबांनी मान वर केली तेव्हा अर्जदार पल्ला उतरवून काखोटीला मारून उभा होता. साहेब भला माणूस असावा, कारण तो हसला म्हणतात. पल्ला महिन्यानं दुरुस्त होऊन परत गेला. अर्जाचं काय झालं ते मात्र नागपूरपर्यंत कुणालाच ठाऊक नाही.

त्यांच्या कामाला शास्त्र होतं आणि त्या शास्त्राला तडजोड ठाऊक नव्हती. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणून दुरुस्ती फक्त हिवाळ्यात. अख्खी फळी कधी बदलायची नाही. कुजलेलं तेवढंच कोरून काढायचं आणि तिथं नवा तुकडा सरसानं चिकटवून बाभळीच्या खुंटीनं पक्का करायचा. लोखंडी खिळ्याचं तर नाव काढायचं नाही. "खिळा म्हंजे लाकडाच्या आंगातला काटा," ते म्हणत. "काटा काढतेत, ठोकत नाहीत." त्यामुळे त्यांच्या घरात औषधालाही खिळा सापडत नसे. आणि हे सगळं इतकं सावकाश चाले की आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी दिवाळी ते होळी खिडकीला सतरंजी लावून संसार केला.

माझ्या सासूबाई नव्हत्या, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माझी बायको थोरल्या बहिणीकडेच गेली. साडू-मेव्हणीला मूल नव्हतं. घर बांधताना बाळंतिणीसाठी म्हणून काढलेली उत्तरेकडची लहान खोली वीस वर्षं तुरीच्या पोत्यांनी वापरली होती. ती पोती साडूंनी स्वतःच्या पाठीवर बाहेर काढली, खोली दोनदा सारवून घेतली, आणि मग त्यांना दिसलं की पल्ल्यांना खालून वाळवी लागली आहे. बाळंतिणीला वारा लागू नये हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. सुईणीनं सांगितलेले पंधरा दिवस बाकी होते आणि सरस वाळायला आठ पुरत होते. हिशेब चोख होता. फक्त येणाऱ्या बाळाला कुणी विचारलं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत मी जळगाव जामोदच्या शाळेतून तिथं गेलो आणि दुसऱ्याच सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. पल्ले ओसरीवर जात्याच्या दगडांखाली चिकटत पडलेले, आणि सातपुड्याकडून वारा असा सुटलेला की दात वाजावेत. मेव्हणीनं गोधडी आणली, पण ती लावायला घरात खिळा कुठला? गजांना सुतळीनं बांधली तर ती फुगून सुटली. मेव्हणी नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. साडू घोंगडी पांघरून मागच्या अंगाला गेले आणि दोन हात जाडीच्या भिंतीतल्या त्या खिडकीच्या खाचेत, बाहेरून गजांना पाठ लावून, बसले. देह भरभक्कम होता. तरी आतून सुईण सांगे, "भाऊ, डाव्या आंगानं वारा येऊन राह्यला," की ते डावीकडे सरकत. मी म्हटलं, थोडा वेळ मी बसतो. माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाले, "तुमी बारीक पडता, मास्तर. दोन्हीकून फट राह्यीन."

दुपारी मुलगी झाली. तिचं रडणं आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांच्या पाठीला ऐकू आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घोंगडी सुटेल म्हणून ते पुसायला हात काढत नव्हते. "दोघीबी बऱ्या हायेत का इचारा, मास्तर," ते म्हणाले. "मले मांगं पाह्यता येत नाही." दिवस मावळायच्या आत बाजारातून खिळे आले. साडूंनी ते चौकटीत स्वतः ठोकले, आणि मग कुठं शेकायला चुलीपाशी गेले.

पल्ले आठव्या दिवशी बसले. त्यानंतर रोज सकाळी एक पल्ला दोन बोटं उघडून पोरीच्या अंगावर येईल एवढाच उजेड आत घ्यायचा, हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सव्वा महिन्यानं मी न्यायला गेलो. गाडी जुंपलेली होती. ते मला बाजूला घेऊन, चौकटीकडे बघत, हळूच म्हणाले, "आनखी चार रोज राहू द्या ना पोरीले." मी म्हटलं, शाळेची तपासणी आहे, रजा नाही. त्यांनी मान हलवली आणि गाडीतली गोधडी नीट करून दिली.

पुढं मेव्हणीनं सांगितलं की आम्ही गेल्यावर ते त्या खोलीत गेले, पल्ले लावून घेतले आणि संध्याकाळपर्यंत जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. आमच्या शाळेची तपासणी एक महिना लांब होती. हेडमास्तरांकडे चार दिवस मागितले असते तर सहज मिळाले असते. मी मागितलेच नाहीत.