दुपारी तुटणारी लाइन

माझी बायको आखातातल्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि मी डोंबिवलीत आमच्या मुलीच्या वेण्या घालत होतो. नव्वदीचं दशक संपत आलेलं. ठाण्यातली माझी कंपनी बंद पडली, कळव्याची भाड्याची जागा सोडावी लागली आणि वडील गेल्यापासून कुलूपबंद असलेल्या त्यांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो. पाठोपाठ बायको आखातात गेली. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, डोळे मिटून काढू, असं आम्ही ठरवलेलं. ठरवलेलं म्हणजे ती म्हणाली आणि मी मान हलवली. कमावत्या माणसापुढे बिनकमावत्याने आणखी काय हलवायचं?

ती दोन वर्षं मे महिन्यात संपत होती. ती परत येणार, की पुढचं कॉन्ट्रॅक्ट करणार, एवढा एकच प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात होता. दूधवाला विचारायचा, मुलीच्या शाळेतल्या बाई विचारायच्या. मी छातीठोकपणे सांगायचो, मेमध्ये येतेय. मुलीलाही तेच सांगितलं होतं. तिने मामाच्या गावाला जायचं नाही असं जाहीर करून टाकलं होतं, कारण आई येणार.

परदेशी फोन करणं तेव्हा आमच्यासारख्यांना झेपत नव्हतं. म्हणून बायकोने तिकडून येणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर लॅपटॉप पाठवला. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, पाटाएवढा जाड, बॅटरी मेलेली. सोबत एक कॉर्डलेस फोन. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मी आयुष्यभर लेथ मशीन चालवलेलं, या यंत्राचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हेही मला कळेना. पण शिकलो. फोनची वायर लॅपटॉपच्या कुशीत खुपसायची, नंबर लावायचा, आतला मोडेम किंचाळून किंचाळून थकला की इंटरनेट लागायचं. तिच्या हॉस्पिटलच्या लायब्ररीत कॉम्प्युटर होता. दुपारच्या सुट्टीत ती तिथे बसायची, मी इथे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. जेवलात का, ती विचारायची. मी भाजीचं नाव सांगायचो.

आणि लाइन तुटायची. सकाळी एकटाच बसून बघितलं तर कनेक्शन ठणठणीत, दुपारी तिच्याशी बोलायला बसलो की दहा-पंधरा मिनिटांत खल्लास. पुन्हा जोडेपर्यंत तिची सुट्टी संपलेली असायची. मला तर असं वाटायला लागलं, की मी 'मेचं काय ठरलं' हे विचारलं की नेमकी तेव्हाच तुटते. सदान् कदा तसं होत नसणार. पण माझ्या लक्षात तेवढंच राहायचं.

पहिला संशय कॉर्डलेसवर. त्यात नाही तरी खरखर यायची, कधी कधी समोरच्या बिल्डिंगमधल्या जावा-जावांची भांडणंही ऐकू यायची. तो काढून माळ्यावर टाकला. मग भिंतीतली पिन बदलली, वायर बदलली. कल्याणला एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो, त्याने झाकण उघडायच्या आधीच निदान केलं. "काका, फॉरमॅट मारावा लागेल." मारला. लाइन तुटतच होती, वर मुलीने रंगवलेली चित्रं तेवढी पुसली गेली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लाइनमनला बोलावलं. त्याने जिन्याखालची पेटी उघडली, हिरवे पडलेले जोड खरवडले, चहा प्याला आणि म्हणाला, "आमच्याकडून ओके आहे." त्या दुपारीही तुटली. सगळा कारभार आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

मी चिडका माणूस आहे. पण ती नुसती चीड नव्हती. मला भीती वाटत होती. बायकोच्या शब्दांत काहीतरी बदललं होतं. पूर्वी ती घरचं विचारायची, कोण आलं, कोण गेलं. आता हवा कशी आहे असं विचारायची. डोंबिवलीची हवा कशी असणार? मी स्वतःला समजवायचो, की अर्धी वाक्यं इकडे पोहोचतच नाहीत, राहिलेल्या अर्ध्यांवरून माणसाबद्दल काय ठरवणार. लाइन एकदा नीट झाली की सगळं नीट होईल. ही समजूत मी उशाला घेऊन झोपत असे.

एका दुपारी लाइन तुटली तशी मी संतापाने वायर परत वडिलांच्या जुन्या फोनला खुपसली आणि रिसीव्हर उचलला. कानात कुणाचातरी श्वास ऐकू आला. मग आवाज, "कोन हाय?"

क्रॉस कनेक्शन, मला वाटलं. आदळणार तेवढ्यात गल्लीत रद्दीवाला ओरडला, "रद्दीऽऽ पेपर!" तो मला उजव्या कानाने खिडकीतून ऐकू आला आणि डाव्या कानाने रिसीव्हरमधून. म्हणजे पलीकडचं माणूस आमच्याच गल्लीत होतं. मी गॅलरीत जाऊन खाली वाकलो. पावसाच्या पाण्याच्या पाइपाला चिकटून, त्याच्याच रंगाने रंगलेली एक वायर आमच्या खिडकीतून खाली गेली होती. ती तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीत शिरत होती.

आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे ते या आजींचं. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने तळमजल्याची जागा दिलेली, तिथे त्या एकट्या राहत. मी खाली गेलो तर आजी खुर्चीत, मांडीवर काळा फोन.

"आजी, हा फोन कुठला?"

"तुज्या बापसानं दिला. बिल्डिंगीत फोन त्याचाच पयला. माज्या पोराला त्याचाच लंबर दिल्ता. माजे गुडघे चढनार नाय, म्हनून ही वायर सोडली. पोराचा फोन आला का तो वरून हाक मारायचा, मंग मी उचलायची."

घंटेने त्या दचकत, म्हणून वडिलांनी त्यातली घंटाही काढायला लावली होती. त्यामुळे हा फोन आहे हे वरच्या आम्हाला कळायला मार्गच नव्हता. आम्ही आलो तेव्हा हाक मारणारा गेलेला होता.

"मग आता का उचलता रोज?"

"पोर बोटीवर हाय माजा. जेवन झालं का बगते, फोन जिता हाय का मेला. रोज बगते तर आत कायतरी किचालतंय नुस्तं." त्यांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला. "फोनच बिगाडलाय, मंग तो तरी काय करील? वरीस झालं."

आम्ही राहायला आल्यापासून वरच्या फोनवर त्यांच्या मुलाचा एकही कॉल आला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. मला तेव्हा त्यांची कीव आली आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आनंदही झाला. दोष सापडला होता! मी त्यांना समजावलं, की दुपारी माझी बायको याच वायरीतून बोलते, तुम्ही उचललंत की ती तुटते. मुलाचा फोन आला तर मी वरून हाक मारीन.

"तुजी बाय बोलते व्हय?" त्या म्हणाल्या. "आदी नाय का सांगायचं? बोल तू. मी नाय उचलनार."

दुसऱ्या दिवशी दाढी करून बसलो. कुणाला दिसणार होती दाढी? पण केली. कनेक्शन लागलं, ती आली. जेवलात का, तिने विचारलं. मी तिला आजींची सगळी हकिगत लिहिली, वायर, रद्दीवाला, किंचाळणं. तिने हसल्याचं लिहिलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, लाइन खणखणीत होती. मग मी लिहिलं, मेचं काय ठरलं? तिकीट काढलंस का?

उत्तर आलं नाही.

मी थांबलो. वायर दाबून पाहिली. पडद्याच्या कोपऱ्यातली दोन इवल्याशा कॉम्प्युटरांची खूण लुकलुकत होती, म्हणजे कनेक्शन होतं. तरी माझा विश्वास बसेना. मी गॅलरीत गेलो आणि खाली ओरडलो, "आजी, उचललात का?"

"नाय रं बाला! हात पन नाय लावला!"

परत येऊन बसलो तेव्हा पडद्यावर तिचं वाक्य आलेलं होतं. एकही अक्षर न गाळता, सलग.

"पुढच्या तीन वर्षांची सही केली. दिवाळीनंतर लगेचच केली. रोज सांगणार असायचे, पण लाइन तुटायची. तुटली की बरं वाटायचं."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिला चार शब्द ऐकवावेत असं वाटलं, रडावं असंही वाटलं. मुलीला काय सांगू हे विचारायचं होतं. शाळा सुटायला अजून वेळ होता. शेवटी मी 'बरं' एवढंच टाइप केलं आणि बटण दाबलं. ते लगेच पोहोचलं.