बिराजदार मॅडमचे चार कोपरे

बिराजदार मॅडमच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं, मशीन कालच खोक्यातून काढलंय. सगळा स्क्रीन काळा. चार कोपऱ्यांत चार मोठे फोल्डर आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बाकी सगळ्यांचे डेस्कटॉप म्हणजे भरलेला बाजार. ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘फायनल’, ‘हेच फायनल’. माझ्या स्क्रीनवर तर मुलाचा फोटो होता आणि त्या गर्दीतून त्याचा एक कान तेवढा दिसायचा.

मी नोकरीत नवीन होते. मॅडम शेजारच्या टेबलावर. विद्यार्थ्यांचे दाखले आणि परीक्षेचे अर्ज त्यांच्याकडे. माहेर अक्कलकोटकडचं, घरी कन्नड, ऑफिसात मराठी आणि रागावल्या की दोन्ही. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या, कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. एकदा मला फाइल सापडेना, तेव्हा खुर्ची ओढून जवळ आल्या. स्क्रीनला जवळजवळ नाक लावून म्हणाल्या, “पोराचं तोंड झाकून टाकलंस की, तंगी. हितं बोट ठेवायला तरी जागा हाय का?”

मला तो टापटिपीचा सोस वाटला. मग एका दुपारी एक मुलगी दाखला घेऊन परत आली. त्यावर नाव भलत्याच मुलीचं होतं. त्याच आठवड्यात आणखी एक तसाच दाखला परत आला आणि प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. तेव्हा ते बाहेर आलं. त्यांच्या डोळ्यांतला पडदा खराब होत चालला होता. नजरेचा मधला भागच जात चालला होता आणि हे थांबणार नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. मॅडमनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

केबिनमधून आल्यावर त्यांनी माझा हात आपल्या माउसवर ठेवला. “डोळे मीट. आता वर, डावीकडं ढकल. भिंतीला लागल्यागत थांबला का न्हाय? आता बोटभर आत घे आणि उघड.”

फोल्डर उघडलं.

“मधलं मला दिसत न्हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणून मधी काय ठेवलंच न्हाय.”

प्राचार्य माणूस भला होता. ग्रंथालयात दाराशी बसा, काम काही करू नका, पगार चालू राहील, असं त्यांनी सुचवलं. मॅडमचं उत्तर पुढं ऑफिसभर झालं. “सर, नुसतं बसवून ठेवायला मी काय गणपती हाय का? परीक्षेच्या अर्जापातूर वेळ द्या. जमलं न्हाय तर मीच उठते.” सरांनी वेळ दिला. तोवर त्यांचा प्रत्येक कागद मी तपासायचा, एवढी अट घातली.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी एक प्रणाली आम्ही त्यांच्या मशीनमध्ये टाकून घेतली. मॅडम कानाला हेडफोन लावून बसू लागल्या. हाताला ओळखू यावीत म्हणून काही बटणांवर त्यांनी टिकल्या चिकटवल्या. मशीनचं मराठी दगडांवरून चालल्यासारखं. ‘स्वामी’ म्हणताना अडखळायचं, ‘म्हेत्रे’ला तर थांबायचंच. मॅडम तेच नाव पुन्हा पुन्हा ऐकायच्या. एकदा हेडफोन टेबलावर आपटून उठल्या. “लई झालं. मला न्हाय जमत हे.” व्हरांड्यात गेल्या. माठातलं पाणी प्यायल्या, पदरानं डोळे पुसले आणि परत येऊन हेडफोन लावला. मी काही बोलणार, तोच म्हणाल्या, “तू तुझं काम कर.”

अर्जांचे दिवस आले. खिडकीबाहेर भर उन्हात रांग. मॅडम प्रत्येकाला नाव एकेक अक्षर सुटं करून सांगायला लावायच्या. मागची मुलं कुरकुरायची. “थांबा की जरा. चुकलं तर जन्मभर दुरुस्त करत हिंडशीला,” त्या आतूनच म्हणायच्या. सुरुवातीला माझ्या लाल पेनला काम पडलं, मग कमी कमी होत गेलं. एक दिवस प्राचार्य येऊन त्यांच्या मागे गुपचूप उभे राहिले. मॅडमनी मान न वळवता हेडफोन काढला. “सर, बसा की. उभं का?” सर बसले नाहीत. मला म्हणाले, “उद्यापासून तुमचं तुमचं काम बघा.”

मॅडम त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या.

मागच्या उन्हाळ्यात जुळे सोलापूर भागात त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत टेबलावर कीबोर्ड आणि स्पीकर होता. मॉनिटर नव्हताच. समोर गल्लीतली एक बाई मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज भरून घ्यायला बसली होती.

“मॉनिटर कुठं गेला?” मी विचारलं.

“शेजारच्या पोरीला दिला. ती अभ्यास करती त्याच्यावर. मला काय काम त्याचं?”

मी विचारलं, “आता काहीच दिसत नाही?”

त्यांची बोटं क्षणभर थांबली. “उजेड कळतोय. तू दारात आलीस तवा अंधारलं, म्हणून तर कळलं कुणीतरी आलंय. सरक, वारा येऊ दे.” मग त्या बाईकडे वळून म्हणाल्या, “हं, आता आईचं नाव. सावकाश सांग.”