थिजलं की साखळलं

कृत्रिम पायाच्या आत घालायचा मऊ मोजा सिलिकोनचा असतो. असे मोजे बनवणाऱ्या एका कारखान्यात दोन पिंपांतला माल एकत्र घोटायचं काम ज्यांच्याकडे एकतीस वर्षं होतं, त्यांना सगळे घोटेकाका म्हणत. शिक्षण बेताचं, पण बोट पक्कं. माल कुठवर आलाय ते काका बोट बुडवून सांगत आणि यंत्र मागाहून त्यांचीच री ओढे. सिलिकोनच्या तेलाने हात कायम बुळबुळीत. घरात किती कपबश्या फुटल्या ते मोजणं बायकोने कधीच सोडून दिलं होतं. "एवढा संसार हातातून निसटला नाही, हेच नशीब," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

काकांची खोड एकच, सगळ्याला एकच शब्द. घोटलेला माल लगेच घट्ट होऊ नये म्हणून तो डब्यांत भरून उणे साठ अंशांच्या थंड कपाटात ठेवत. तिथे तो पांढराफटक दगड व्हायचा आणि बाहेर काढला की पुन्हा वाहायला लागायचा. याला काका म्हणत, गोठलं. आणि माल आतून जोडला जाऊन कायमचा रबर झाला, कितीही तापवा, ढिम्म हलेना, तर त्यालाही काका म्हणत, गोठलं. कुठलं गोठलं ते बोटाला कळत होतं, मग दुसरा शब्द हवा कशाला?

त्यांच्या हाताखाली दोन वर्षं चष्मेवाली होती, पदवी घेऊन आलेली. "काका, हे असं का? काका, ते तसं का?" दिवसभर तिचा पट्टा चालू. काका वरवर वैतागत, पण एखाद्या दिवशी ती आली नाही तर त्यांना करमत नसे. सिलिकोनच्या आत लांबलांब साखळ्या असतात, त्या एकमेकींत अडकल्या की माल कायमचा घट्ट होतो, असं ती एकदा समजावत होती. "साखळ्या तू मोज, माझं बोट पुरे," म्हणून काकांनी तिला उडवून लावलं होतं.

एका सोमवारी काका दाढ काढायला गेले. आदल्या दिवशी, सुट्टीत, थंड कपाट बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, याची कुणाला गंधवार्ता नव्हती. चष्मेवालीने बारा डबे बाहेर काढले आणि तासाभराने काकांना फोन लावला.

"काका, डबे काढून तास झाला. दहा पातळ झालेत, पण दोन अजून गोठलेलेच आहेत. काय करू?"

काकांच्या तोंडात कापसाचा बोळा, अर्धी जीभ बधिर. त्यांनी 'गोठलेलेच' एवढंच ऐकलं. "मग गलम पाण्यात ठेव शगळे. वितळेपल्यंत काढू नको."

"सगळे? नक्की ना काका?"

"एकतीश वल्षं झाली, पोली!"

तासभर बाहेर राहूनही वाहत नाही तो माल थंडीने गोठलेला नसतोच, हे काकांना एरवी झोपेतही कळलं असतं. कपाट बंद असतानाच आतून जोडले जाऊन ते दोन डबे कामातून गेले होते. उरलेले दहा तिने लगेच वापरले असते तर वाचले असते. पण ती बिचारी वितळायची वाट बघत राहिली आणि गरम पाण्यात बाराच्या बारा डब्यांचे रबरी ठोकळे झाले. चाळीस माणसांना मोज्यांसाठी आणखी एक महिना कुबड्यांवर काढावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गरम पाण्यात ठेवायला कुणी सांगितलं?"

चष्मेवालीने काकांकडे पाहिलं. काकांनी सुजलेल्या गालावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बोलता येत नाही अशी मान हलवली. खरं तर दाढेची जागा सकाळपासून दुखत नव्हती.

"माझी चूक झाली, साहेब," ती म्हणाली. तिला पॅकिंगला पाठवलं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पॅकिंगच्या दारावरून जायला लागू नये म्हणून ते मागच्या जिन्याने यायला लागले. जेवण जाईना. आठवड्याने बायको म्हणाली, "दाढ गेली, सूज गेली, मग गाल धरून का बसता?" काकांनी पाहिलं तर हात खरंच गालावर होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. "ती पोर गप्प राहिली, तुम्हीही गप्प राहिलात," एवढंच म्हणाली. "दोन्ही गप्प एकच का हो?"

सकाळी काका पुढच्या जिन्याने गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सांगितलं होतं, साहेब. आणि मग घाबरून गाल धरला. लाज वाटते मला माझी." साहेबांनी चष्मेवालीला त्याच दिवशी परत आणलं. काकांनी कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द चिकटवले. थंडीने होतं ते 'थिजलं'. जोडलं जातं, रक्तासारखं, ते 'साखळलं'.

त्यानंतरची पहिलीच घाईची ऑर्डर. काकांनी कपाटातून डबा काढला, कडेला काडीने टोकरलं आणि म्हणाले, "हे थिजलंय. पाच मिनिटं गरम पाण्यात ठेव."

चष्मेवालीने चष्मा पुसला आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"एवढं लिहून सही द्याल का, सर?"

दोन वर्षांत तिने त्यांना कधी सर म्हटलं नव्हतं. काकांनी लिहून दिलं. पेन बोटांतून दोनदा निसटलं.