सटवाईचा कागद

उज्ज्वला आमच्या लिंबायत वस्तीतली आशाताई, घरोघरी बाळ-बाळंतीण तपासणारी आरोग्यसेविका. राहते पलीकडच्या गल्लीत, आणि त्या आठवड्यात मला त्या गल्लीचं नावही ऐकवत नव्हतं. दोन्हीकडून दगडफेक झाली होती, पोलिसांनी रस्ता अडवला होता, कापडाचे लूम बंद होते.

त्यातच माझ्या नातीची पाचवी आली. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून मी दुपारीच पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन मांडून ठेवला. तेवढ्यात उज्ज्वला दारात. पोलिसांना ओळखपत्र दाखवत आली होती. मी म्हटलं, "तुमच्या गल्लीतले दगड मारतात, आणि तू पोर बघायला येतेस?"

ती सरळ आत आली. पोरीला हात लावून म्हणाली, "मावशी, ही गार पडलीय. दूध कधीपासून ओढत नाही?"

"सकाळपासून," सून रडत म्हणाली.

उज्ज्वलानं पोरीला उघड्या अंगानं सुनेच्या छातीशी धरवलं, वरून गोधडी गुंडाळली. मग पूजेतला कागद उचलून डॉक्टरांसाठी भराभर सगळं लिहू लागली. मी ओरडले, "अगं, तो सटवाईचा कागद आहे!"

तिचा हात थांबला नाही. रिक्षातून दवाखान्यापर्यंत तीच सोबत आली.

नात आता बालवाडीत जाते. डॉक्टरांकडून परत मागून आणलेला तो कागद माझ्या देव्हाऱ्यात आहे. सटवाईचं अक्षर कुणी पाहिलं नाही म्हणतात. मी पाहिलंय. घाईतलं आहे, जरा तिरकं.