दाराबाहेर ठेवलेला वॉकर

छायाला पूनमचा राग आला तो सगळ्यात आधी तिच्या अक्षरापायी. ओळ आखल्यासारखं सरळ, कुठं खाडाखोड नाही.

बीबी गावाजवळच्या त्या वृद्धाश्रमात छाया अकरा वर्षांपासून सेविका होती. सव्वीस म्हातारे-म्हाताऱ्या. कोणाचा गुडघा थंडीत आखडतो, कोण काठी नुसती ऐटीसाठी धरतं, हे तिला तोंडपाठ. दर महिन्याला व्यवस्थापक ज्ञानेश्वरभाऊ विचारायचे, ती सांगायची, ते लिहून घ्यायचे. मग दिवाळीनंतर पूनम आली. चोवीस वर्षांची, बुलडाण्याची, नर्सिंग शिकलेली. तिच्यासोबत छापील तक्ते आले. जेवण, आंघोळ, चालणं. चालण्यात पुन्हा चार चौकटी : स्वतः, काठीने, वॉकरने, माणसाच्या आधाराने. ज्ञानेश्वरभाऊ छायाला काही विचारीनासे झाले. वरून पूनम तिला मावशी म्हणायची.

तेही छायानं गिळलं असतं. पण मोतीराम आबा पूनमकडं वळला, ते मात्र घशाखाली उतरेना.

मोतीराम ब्याऐंशीचा. सारी हयात मिरच्या-वांग्याच्या वाफ्यांत गेलेली. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हा छायानंच त्याला वॉकर धरून चालायला शिकवलं. आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला. तेव्हापासून तो तिला ‘माय’ म्हणायचा. नाश्त्याचं केळं तो खात नसे; ते छायाचं ठरलेलं. पूनमनं चार दिवस खाटेशी येऊन बीपी काय मोजला, केळं तिकडं जायला लागलं. ‘डॉक्टरीणबाई’साठी.

त्या बुधवारी पूनमनं एकेकाला तपासणीसाठी कार्यालयात बोलावलं. कार्यालयात महाराजांचा फोटो, त्यापुढं अष्टौप्रहर समई. मोतीराम दारापर्यंत वॉकरनं आला, चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी वॉकरही ठेवून दिला. मग चौकट, भिंत, टेबल असं धरत आत गेला. पूनमची मान तक्त्यात. तिनं वर पाहिलं तोवर आबा खुर्चीत बसलेला. उठून खिडकीपर्यंत जाऊन या, म्हणाली. आबा टेबलाच्या कडेकडेनं, दात आवळून, पाच पावलं गेला आणि आला. पूनमनं खूण केली : स्वतः.

छाया बादली घेऊन दारातच उभी होती. शब्द अगदी जिभेवर आले होते. तिनं ते आत ढकलले. लिहू दे, म्हणाली मनाशी. लई शिकेल आहे ना.

शनिवारी कळलं की दोन नवीन म्हाताऱ्या येणार, दोघी वॉकरवाल्या. त्यांना खालच्या खोल्या हव्यात. ज्ञानेश्वरभाऊंनी तक्ते पाहिले आणि मोतीरामची खोली वरच्या मजल्यावर ठरवली. सोमवारी हलायचं.

छायाला आतून गुदगुल्या झाल्या. आता आबा बोंब मारणार, पोरीची चूक उघडी पडणार, ज्ञानेश्वरभाऊ चारचौघांत तिचा पाणउतारा करणार. रविवार गेला. आबा गपगार. शेवटी तिनंच विचारलं, तू काही बोलत काऊन नाही?

“डॉक्टरीणबाईनं तपासून लिवलं ना,” तो म्हणाला. “तिले दिसलं असंन मी चालून राह्यलो म्हणून.”

छायाच्या अंगाचा भडका झाला. दोन वर्षं आपल्या हाताला धरून चालला, आणि स्वतःच्या पायाबद्दल भरवसा ठेवला त्या पोरीवर.

सोमवारी आबाची पेटी वर गेली. त्यानं कठडा धरला, एक पायरी चढला, दुसरीवर गुडघा लटपटायला लागला. मागून पूनम म्हणत होती, छान आबा, हळूहळू. छायाला त्याची बोटं दिसली, कठड्यावर पांढरी पडलेली. ती धावली आणि त्याला काखेत धरलं.

“उतर खाली,” ती म्हणाली. मग पूनमकडं वळली. “वॉकरबिगर हा संडासापर्यंतबी जात नाही. हापिसात येतानी बाहेर ठेवते, चपलेसारखा. संडासात फिरलेली वस्तू महाराजांसमोर कशी नेईन तो?”

पूनमचा चेहरा उतरला. “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“बुधवारपासून. तू खूण केली तवा मी दारातच होती.”

पूनमनं आबाला खोलीत नेलं, वॉकर हातात दिला, संडासापर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि मागं मागं चालत सगळं पाहिलं. जुनी खूण खोडून लिहिलं : वॉकर, नेहमी.

ज्ञानेश्वरभाऊ आले. काय गोंधळ आहे, विचारू लागले. छायानं पदर खोचला, आपलं नाव यायची वाट पाहत.

“माझी चूक झाली सर,” पूनम म्हणाली. “मी चालणं कार्यालयातच पाहिलं. आता खोलीत जाऊन पाहीन.”

बस्स, एवढंच. जेवणाच्या वेळी ज्ञानेश्वरभाऊंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, चूक कबूल करायला छाती लागते म्हणाले. म्हाताऱ्या माना डोलवत होत्या, आबा सगळ्यात जास्त. छाया भाकरी वाढत होती. पोरीनं नाव घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मोठेपणबी हिनंच घ्यावं?

दुसऱ्या दिवशी पूनम तक्ता घेऊन विमलबाईच्या खोलीशी आली आणि छायाला विचारलं, या खोलीत कशा चालतात?

छायानं तिच्याकडं पाहिलं नाही. फडकं पिळत सांगितलं : मोरीपर्यंत भिंत धरते, पुढं माणूस लागते, डावा पाय ओढते. सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. आणि पूनम ते लिहीत असताना, नको नको म्हणत, तिचं अक्षर पाहत उभी राहिली.