उजव्या डोळ्याचा निकाल

वजनमापं तपासण्याच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर कुणाच्या चुका काढायच्या, हा प्रश्न घरच्यांना पडायच्या आतच भिंगरावांनी तो सोडवला होता. गळ्यात दोरीला भिंग अडकवून ते जुनी नाणी पारखू लागले. नाणी जमवणारी मंडळी त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे भिंगराव. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्यात 'राव' आहे म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

मंडळाची बैठक छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये भरे. टेबलावरच्या हिरव्या कापडावर सभासद नाणं ठेवायचा. भिंगराव ते कडांना धरून दिव्याखाली तिरकं करायचे. राजाच्या भुवईवरचे केस किती झिजलेत, मुकुटातले मोती सुटे दिसतात की एकमेकांत मिसळलेत, कडेच्या बारीक रेघा शाबूत आहेत का, हे पाहून निकाल द्यायचे. पहिली प्रत, दुसरी किंवा तिसरी. त्यावर अपील नव्हतं.

मग त्यांना अंधुक दिसू लागलं. त्यांनी आधी हॉलच्या दिव्यांना नावं ठेवली, दिवे बदलल्यावर वीज कंपनीला. गंमत अशी की चरेच दिसेनात, त्यामुळे सगळ्यांच्या नाण्यांची प्रत आपोआप चढत गेली. मंडळाचे सचिव म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचं झिजून गुळगुळीत झालेलं नाणंसुद्धा पहिल्या प्रतीत जाऊन बसलं. साहेबांची नजर आता खरी तयार झाली, असं सचिव सांगत सुटले. सभासद वाढले.

याच काळात भिंगरावांनी स्वतःसाठी एक चांदीचं नाणं घेतलं. काचेच्या पेटीत ते मधोमध ठेवलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: पहिली प्रत, ठिपकेवाला प्रकार, दुर्मीळ. त्या वर्षीच्या अगदी थोड्या नाण्यांवर सालाखाली एक बारीक ठिपका सापडे. तो आपल्या नाण्यावर आहे, हे ते नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगत. चित्रकलेच्या एक बाई मंडळात होत्या. त्या म्हणाल्या, माझ्याही नाण्यावर ठिपका दिसतोय. भिंगरावांनी नाणं जेमतेम डोळ्यांसमोर धरलं आणि माशी बसून गेली असेल, असा निकाल दिला. सगळे हसले, सचिव सगळ्यात जास्त.

एके दिवशी कपड्यांच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याला त्यांनी 'हल्ली दिसत नाही?' असं आपुलकीने विचारलं. बायकोने तिथूनच त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला, तोही दोन्हीकडे. उजवा डोळा आधी, डावा मागाहून, असं ठरलं.

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली तशी भिंगरावांना घरातली जळमटं दिसली आणि त्यांनी बायकोला चार शब्द सुनावले. तिने त्यांच्या हातात झाडू दिला. झाडू बाजूला ठेवून त्यांनी पेटी उघडली.

राजाच्या भुवईवर केसच नव्हते. गालावर आडवा चरा होता. मुकुटाच्या वर, कडेच्या रेघा मध्येच गायब होत्या आणि तिथे कानशीने घासल्याच्या खुणा होत्या. कुणीतरी कधीकाळी कडी जोडून हे नाणं गळ्यात घातलं होतं. राहता राहिला ठिपका. लाकडी काडीचं टोक लावलं, तर तो निघून काडीला चिकटला. मळ होता.

भिंगरावांनी काडी खाली ठेवली. मग त्यांनी बायकोला हाक मारली.

"तुला हे दिसत होतं?"

"घासलेलं ना? आणलंत त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारत कुठे होतात? तुम्ही सांगत होतात."

वार्षिक प्रदर्शनात आपली काचेची पेटी शेजारी मांडून भिंगराव उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले आणि हॉलमध्ये हाहाकार उडाला. पहिल्या प्रती धडाधड दुसऱ्या झाल्या, दुसऱ्या तिसऱ्या. सचिवांच्या नाण्याला तर त्यांनी तिसरी प्रतही कुरकुरतच दिली. मग चित्रकलेच्या बाईंचं नाणं आलं. ते त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिलं. माशीचा निकाल कायम ठेवता आला असता, पण वजनमापांच्या खात्यातली सवय आड आली.

"ठिपका आहे. माशी नव्हती."

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. नाणं पर्समध्ये टाकून त्यांनी काचेच्या पेटीकडे पाहिलं. "आणि तुमचं?"

आपलं नाणं आपणच पारखायचं नाही असा नियम आहे, असं भिंगराव म्हणाले. नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता. पेटीतली चिठ्ठी जागेवरच होती.

दोन दिवसांत सचिव पुष्पगुच्छ घेऊन घरी आले. ऑपरेशन एखाद्याला मानवत नाही, उजेड फार टोचतो, नको ते चरे दिसतात, असं त्यांनी डॉक्टरी आवाजात समजावलं. साहेबांनी विश्रांती घ्यावी. तोवर पारख करायला सचिव स्वतः तयार होते. भिंगरावांनी मान ताठ केली, तेव्हा सचिवांनी आवाज खाली आणला.

"साहेब, तुमच्या पेटीतल्या नाण्याबद्दल आम्ही कधी काही बोललो का?"

तेव्हा कुठे भिंगरावांच्या लक्षात आलं. या सगळ्यांना कडी काढल्याची खूण दिसत होती, आणि पहिल्या प्रतीच्या बदल्यात सगळ्यांनी ती पोटात ठेवली होती. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि लाज फार वेळ ठेवून घ्यायची सवय नसल्याने ते म्हणाले, "पुढची बैठक कधी आहे?"

पुढच्या बैठकीत भिंग डाव्या डोळ्याला लागलं. सचिवांचं नाणं पहिल्या प्रतीत परत आलं, बाकीचीही आली. टाळ्या झाल्या. चित्रकलेच्या बाईंनी राजीनामा पाठवला होता. तो वाचायचा राहून गेला.

दवाखान्यातून हल्ली वरचेवर फोन येतो, दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं म्हणून. फोन बायको घेते.

"इतक्यात नको म्हणतात," ती सांगते. "त्या डोळ्याला फार मागणी आहे."