‘भरलाय’ असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्याबरोबर एक चहा दोघांत पीत मोठमोठ्या गोष्टी केल्या त्या मित्रांनाही नाही. दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत मी सात-आठ पत्रकं लिहिली, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या अपराधांबद्दल. स्वतःबद्दल लिहायला बसलो की पेन चालतं, पण भलतीकडेच जातं. आताही जाईल. गेलं तर तुमच्या लक्षात येईलच.

मी आगीच्या बंबावर काम करतो. नगर जिल्ह्यातलं एक शहर — नाव लिहीत नाही. वडील छापखान्यात कंपोझिटर. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती : मोर्चाची, संपाची, निवडणुकीची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. माणसानं ठासून बोलावं, नाव घेऊन बोलावं, भिऊ नये — हे तिथलंच. बंबावर लागलो तेव्हा वाटलं, हेही तसंच काम आहे. घंटा झाली की धावायचं, कुणाचं घर आहे ते विचारायचं नाही.

आमचा बंब लष्करानं मोडीत काढलेल्या ट्रकवर बांधलेला. चारशे गॅलनची टाकी. होजपाइपला इतकी ठिगळं की आगीआधी आम्हीच भिजायचो. बुटांचा एक जोड दोन पाळ्यांत मिळून. माझा पाय आठ नंबरचा, बूट दहाचे, पुढे चिंध्या कोंबायच्या. धुरात शिरायला ओलं गोणपाट. टाकीत पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी फुटलेली. तीन अर्ज केले, काच आली नाही. यावर मी अजून तासभर बोलू शकतो, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असेल.

पण पाहा — निघालोच की नाही भलतीकडे? काच फुटलेली होती, कबूल. खोटं काचेनं सांगितलं नव्हतं.

रंगनाथमामा आमचे ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्यांनी अधू, स्टेअरिंगवर बसले की तिशीचे. काच नव्हती म्हणून ते पान्यानं टाकी ठोकत, वरून खाली. भरलेली टाकी ठस्स वाजते, रिकामी ठणठणते. आवाज जिथे बदलला तिथे पाणी. बोटभराची चूक व्हायची नाही. शिवाय आमच्या फायर स्टेशनचा एक रिवाज होता. पाळी सोडणाऱ्यानं पाळी घेणाऱ्याला तोंडानं सांगायचं — ‘भरलाय’, किंवा जे असेल ते. कागदावर काही नाही, फक्त शब्द. मामा प्रत्येकाचा शब्द ऐकून घेत, मान हलवत, आणि तरीही ठोकून पाहत. कुणाला राग यायचा नाही.

दुष्काळाचा तो उन्हाळा. नळ दिवसाआड, तोही तासभर. आणि अशात बंबातलं पाणी एका बड्या साहेबांच्या बंगल्यावर गेलं. दोनदा गेलं, बागेसाठी. हुकूम होता, मामांनी नेलं. मी पत्रक काढलं. पाचशे प्रती, वडिलांनी मालकाच्या परवानगीनं छापून दिल्या. गावभर वाटलं. बंगल्याचं पाणी बंद झालं. ते पत्रक खरं होतं आणि ते मी लिहिलं याचा आजही अभिमान — असो. मामा तेवढंच म्हणाले, “पुढारी, ब्येस केलंस. पर ध्यानात ठेव. बंबातलं पानी आगीचं. ते सायबाचं न्हाई आन तुज्या पत्रकाचंबी न्हाई.” तेव्हापासून मला स्टेशनात सगळे पुढारीच म्हणायला लागले. चेष्टेत. मला ती चेष्टा आवडायची.

स्टेशनच्या मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे विडी कामगारांची वस्ती. तिथेही मी पत्रक वाटलं होतं. एके दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला, मी मागच्या आवारात बंबापाशी एकटाच होतो. पाळीतले दोघं जेवून वरच्या खोलीत आडवे झालेले. भिंतीवरून एक बाई डोकावली. तिच्या हातात माझंच पत्रक होतं, त्यात तिनं तंबाखू बांधली होती.

“आवं बंबवाले, त्या बंगल्याच्या झाडांस्नी पानी, आन आमच्या पोरास्नी कागूद व्हय?” ती म्हणाली. “मंग प्यायचा कसा ह्यो? उकळून का तसाच?”

मागे चार-पाच जणी खदाखदा हसल्या.

मला दया आली, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. मलाही वाटेल. पण दया नव्हती ती. मला राग आला होता. माझ्या पत्रकाला कुणीतरी हसलं होतं.

मी टाकीला होज जोडला, भिंतीवरून पलीकडे टाकला आणि झडप उघडली.

हंडे, कळश्या, डालड्याचे डबे, एक पाळणासुद्धा — पत्र्याचा. वस्ती धावत आली. कुणीतरी म्हणालं, बंबवाल्या भावाचं भलं होवो. मी भिंतीवर चढलो. होय, चढलो, पाणी सोडायला भिंतीवर चढावं लागत नाही. होजचं तोंड हातात धरून दोन शब्द बोललो. पाणी कुणाच्या बापाचं नाही, असं काहीतरी. बोलता बोलता दहा मिनिटं गेली की वीस, कोण मोजतो? धार बारीक झाली तेव्हा खाली उतरलो. मामांसारखाच पाना घेतला आणि टाकी ठोकून पाहिली. ठणठण. जवळजवळ तळापर्यंत ठणठण.

तेव्हा मला माहीत होतं. हे मी पुन्हा लिहितो : मला माहीत होतं.

त्या दिवशी नळाचा वार होता. चार वाजता पाणी येतं, पाचपर्यंत टाकी भरेल, कुणाला कळणारही नाही — असा हिशेब केला. तीनला पाळी बदलली. एक गडी सुटीवर होता म्हणून दुसऱ्या पाळीलाही मीच थांबलो होतो. मामा आले, पाना उचलला, टाकीकडे निघाले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “भरलाय, मामा.”

ते थांबले. “सोता बघितलंस?”

“मीच भरला.”

मामांनी पाना खाली ठेवला. गुडघा दाबत हसले. “मंग ऱ्हाऊ दे आज. पुढारी खोटं बोलाय लागल्यावर ऱ्हायलं काय दुनियेत?” आणि चहा टाकायला आत गेले.

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या शब्दावर पाना ठेवला नव्हता. माझ्या शब्दावर ठेवला. का ठेवला? मी पत्रकं लिहितो म्हणून. दुसरं काय कारण असणार?

दीड तास होता मला. दीड तासात एक वाक्य बोलता येत नाही? मी तो चहा प्यालो, मामांनी केलेला, आणि नळाकडे पाहत बसलो. चारला नळ आला नाही. साडेचारला फोन आला — गुरांच्या छावणीत आग.

छावणी गावाबाहेर होती. कोपरगावकडून आलेल्या उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्याच्या, गंजी, वाळून खडखडीत झालेल्या, आणि त्यांना लागून दावणी. मामांनी बंब काढला. मी त्यांच्या शेजारी, घंटेची दोरी माझ्या हातात. पहिल्याच वळणावर मामांनी मान वळवली. “पुढारी, गाडी हलकी लागतीया रं.”

ऐकताय ना तुम्ही? त्यांना गाडीच्या अंगावरून कळलं होतं. पुढे वाटेवर कापसाच्या जिनाच्या आवारात हौद होता, त्यात पाणी होतं, बंबावर पंप होता. पाच मिनिटांत अर्धी टाकी भरली असती. मी फक्त ‘होय’ म्हणायचं होतं. मी घंटा जोरात वाजवली. इतकी जोरात, की ऐकू आलं नाही असं वाटावं. जिन मागे पडला.

ब्रँच — होजचं पितळी तोंड — मी धरलं होतं. धार चांगली बसली. पहिली गंजी दबली, लोक ओरडले, आता मागची मारा, मागची! दुसऱ्या गंजीपाशी बैलजोडी बांधलेली होती. भागूबाई नावाची बाई, पूर्वेकडच्या कोरड्या भागातून जनावरं घेऊन आलेली. नवरा खडी फोडायच्या कामावर. ती थांबून पाहत होती. धार त्या बाजूला वळली आणि वाट जरा मोकळी झाली, तशी ती आत धावली, दावं सोडायला. पाणी आहे असं पाहून ती आत गेली. पाणी नसतं तर गेली असती का? कोण सांगणार आता?

बैल सुटले. दोन्ही मला घासून गेले. आणि माझ्या हातातली धार वाकली, मग पायाशी पडली, मग थांबली.

मामा पंपापाशी ओरडत होते, “काय झालं? होज फाटला का?” तिथे असलेल्या सगळ्या माणसांत एकट्या मला माहीत होतं काय झालं ते. मी रिकामी ब्रँच तशीच धरून उभा राहिलो. गोणपाट ओलं करायलाही पाणी नव्हतं. तिला बाहेर काढलं ते मामांनी, अंगातल्या सदऱ्यानिशी, गुडघ्यांनिशी. मी नाही.

ती तिसऱ्या दिवशी गेली.

चौकशी पंधरा मिनिटांत उरकली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, पाणी कमी कसं? टाकी तपासली होती? मामा म्हणाले, “ठोकून बघितली न्हाई.” “का नाही?” मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाले, “चुकलं, सायेब.” मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. भिंतीवरचा नकाशा पाहत होतो. त्यांना बंबावरून काढलं आणि कचऱ्याच्या गाडीवर टाकलं.

इथे थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण गावात बोलणं सुरू झालं होतं, की पाणी पुन्हा बंगल्यावर गेलं असणार. मित्र आले. म्हणाले, लिही. आणि मी लिहिलं. एका बैठकीत लिहिलं, कधी नव्हे इतकं सुरेख. ‘कुणाच्या गुलाबांसाठी ही बाई जळाली?’ असं मथळ्यात विचारलं. सरळ खोटं एकही वाक्य नाही त्यात, सगळे प्रश्नच आहेत. त्या कलेचा उपयोग कशासाठी होतो ते मला त्या दिवशी समजलं. वस्तीतल्या बायकांना मी पाणी दिल्याचं ठाऊक होतं. पण टाकी लगेच भरत नाही हे त्यांना कुठून कळावं? आणि एखादीला कळलं असेल, तर ती माझ्याविरुद्ध बोलणार होती का? तिचा हंडा मी भरला होता.

बंगल्यावरच्या साहेबांचं काही बिघडलं नाही. पण बंगल्यावर बंब नेणारा कोण, हे गावाला माहीत होतं. मामा कचऱ्याच्या गाडीवरून जाताना चौकातून हाळी यायची, “ए बंगल्याच्या पाणक्या!” एकदा कुणीतरी गाडीत टाकायच्या ऐवजी शेण त्यांच्या अंगावर टाकलं. माझं पत्रक वाचून टाकलं. हे मला लिहिताना सुचलं नव्हतं, असं म्हणू? सुचलं होतं. दुसऱ्या परिच्छेदाशी सुचलं होतं आणि मी पुढे लिहीत गेलो.

मी एकदाच त्यांच्या घरी गेलो. सांगायला गेलो होतो. त्यांनी पाट दिला. मी म्हणालो, “मामा, त्या दिवशी —” त्यांनी हात वर केला. “तू कायबी म्हनला असशील. ठोकून बघनं माजं काम हुतं. ते म्या केलं न्हाई.” आणि मग कधी नव्हे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “जा आता. घरात बाया-मान्सं हायेत.”

मी उठलो. परतताना मला हलकं वाटत होतं. तुम्ही वाचताय ना? हलकं. शिट्टी वाजवत नव्हतो एवढंच. मामा अजून कचऱ्याच्याच गाडीवर आहेत. मला बढती मिळाली. पाळी आता मी घेतो, मलाच सगळे ‘भरलाय’ म्हणून सांगतात.

आणखी एक राहिलं. ते मी टाळत होतो.

दहाव्यानंतर भागूबाईचा नवरा बैल न्यायला गावात आला होता. तो स्टेशनवर आला आणि विचारू लागला, पाइप कुणी धरला हुता? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. खडी फोडून त्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यानं डोक्याचा पटका काढला, खाली ठेवला आणि माझ्या पायांशी वाकला. म्हणाला, “लई झटला तुमी, दादा. लोक सांगत्यात, पानी सरलं तरी तुमी जागा सोडली न्हाई. दोन्ही बैल वाचलं माजं.”

मी त्याला खांदे धरून उठवलं. मला तेवढं येत होतं. म्हणालो, “आमचं कामच आहे ते.”